भुरीच्या चंदीतले तेल

मित्रांनो, चामड्याचे वय डोळ्यांना कळत नाही. ते वाकवून बघावे लागते. मला मात्र वाकवू नका. मी जुने खोगीर आहे आणि वाकणे कधीच विसरले आहे.

तसे माझे रूप अजून देखणे आहे. गडद तपकिरी रंग, त्यावर काचेसारखी चकाकी. नवखा माणूस घोड्याचे सामान ठेवायच्या या खोलीत आला की आधी माझ्याकडे वळतो आणि म्हणतो, "वा, काय निगा राखलीय!" ते ऐकून मला बरेही वाटते आणि कसेसेही होते. ही चकाकी निगेचीच आहे, यात खोटे काही नाही. पण तीच माझ्या आयुष्याच्या आड आली.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कातडे, खाली लोकरीची गादी, दोन्ही बाजूंना रुंद पदर आणि त्या पदरांखाली जाड पट्टे. घोड्याच्या पोटाखालून जो तंग आवळतात, तो या पट्ट्यांत अडकवतात. खोगीर कितीही सुंदर असो, स्वाराचा जीव असतो तो या पट्ट्यांवर. मला शिवणारा कारागीर म्हातारा होता आणि त्याची जीभ त्याच्या आरीइतकीच टोकदार होती.

त्याच्या खिडकीत खिळ्यांना चामड्याच्या पट्ट्या टांगलेल्या असत. "खोगिराला कुठलं तेल लावू?" असे कुणी विचारले की तो तोंडाने उत्तर देत नसे, गिऱ्हाइकाला खिडकीशी नेत असे. सगळ्या पट्ट्या एकाच कातड्याच्या, तेल मात्र प्रत्येकीला वेगळे. खोबरेल लावलेली पट्टी थंडी पडली की पांढुरकी आणि निबर होई. एरंडेल लावलेली वरून चिकट राही आणि सगळ्या दुकानाची धूळ गोळा करी. यंत्राचे काळे तेल लावलेल्या पट्टीच्या शिवणीचा दोरा कुजायला लागला होता. गुरांच्या पायांची हाडे उकळून काढलेले तेल जिला लावले होते, ती मात्र बोटाभोवती गुंडाळता येई. आणि एक पट्टी सगळ्यांत चकचकीत होती. गिऱ्हाईक हटकून तिलाच हात घाली.

"वाकव," म्हातारा म्हणे.

वाकवली की ती कडकन मोडे. ती जवसाच्या तेलाची. म्हातारा खूश होऊन तिच्या जागी दुसरी टांगत असे. त्याच्याजवळ तशा पट्ट्यांचा साठाच होता.

हे असे का होते, तेही सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. चामडे म्हणजे बारीक तंतूंचे गुंतलेले जाळे. तेल आत शिरले की हे तंतू एकमेकांवरून अलगद घसरतात, म्हणून चामडे वाकते. हाडांचे तेल आत जाऊन तेलच राहते. जवसाच्या तेलाचा स्वभाव निराळा. ते हवेतला प्राणवायू हळूहळू घेते आणि त्याचे कण साखळीसारखे एकमेकांना धरून बसतात. काही महिन्यांत ते तेल उरतच नाही, त्याचा घट्ट थर होतो. लाकडी दारांना हा थर मानवतो. दाराला वाकायचे नसते. खोगिराला रोज वाकायचे असते.

मला ज्याने घरी नेले त्याला सगळे उस्ताद म्हणत. शिंगरांना स्वारीची सवय लावणे हा त्याचा धंदा. तबेल्यात शिंगरे येत, शिकत, निघून जात. कायमची होती ती एक भुरी. ती त्याची स्वतःची घोडी, शांत, थोडी खादाड आणि पाऊल टाकण्यात अतिशय नेटकी.

मित्रांनो, खोगिराचे सुख काय असते, हे मी तुम्हाला कसे सांगू? खालून घोडीची ऊब येते, वरून माणसाचे वजन. दोन्ही जिवंत, दोन्ही सारखी हलणारी. त्या दोघांच्या मध्ये आपण असतो आणि एकाचे दुसऱ्याला कळवत राहतो. उस्तादने नुसता श्वास रोखला तरी तो माझ्यातून भुरीपर्यंत पोहोचे आणि ती थांबे. सुरुवातीला मी ताठ होते. हळूहळू त्याच्या मांड्यांच्या आकाराचे झाले, तिच्या पाठीच्या वळणाचे झाले. ती जागा मग माझ्यात कायमची पडली.

स्वारीहून आल्यावर तो स्वतः पाणी पिण्याआधी मला पुसे. ओलसर फडक्याने आधी घाम काढायचा, कारण घामातले मीठ चामडे खाते. मग सावलीत वाळू द्यायचे. आणि मग हाडांच्या तेलाचे थोडेसे बोट, तेही आतल्या खरखरीत बाजूने. भुरी त्या वेळी दारातून मान आत घालून उभी असे. तिचे लक्ष चंदीकडे असे. चंदी म्हणजे घोड्याचा दाणा. उस्ताद तिच्या चंदीत पळीभर जवसाचे तेल घाली. त्या तेलाने तिच्या अंगावर अशी झळाळी येई की नाल ठोकायला येणारा नालबंद म्हणायचा, "हिच्याकडे बघून मी दाढी करू शकतो."

हे वाक्य उस्तादची बायको नेहमी ऐकत असे. ती समोरच्या खोलीत शिवणयंत्रावर बसे. गल्लीभर तिला शिंपीणबाई म्हणत.

एका सकाळी ओल्या फरशीवर एक शिंगरू घसरले. मी त्याच्या पाठीवर होते, उस्ताद माझ्यावर. शिंगरू उठून उभे राहिले. मला ओरखडाही नव्हता. उस्ताद मात्र उठला नाही. कंबरेचे हाड मोडले होते.

त्याला खाटेवर पडून कित्येक महिने काढावे लागले. कुणी भेटायला आले आणि घोड्याचा विषय निघाला की तो भिंतीकडे तोंड करी. त्याची थोरली बहीण सेवेला येऊन राहिली होती. तिने सगळ्यांना बजावले, "या घरात घोडा हा शब्द निघता कामा नये. आधी माणूस उभा राहू दे."

"हो वन्सं," शिंपीणबाई म्हणाली.

पण संध्याकाळी यंत्रावर कापड झाकून ती गुपचूप माझ्या खोलीत आली. तिने मला खुंटीवरून उतरवले, मांडीवर घेतले आणि म्हणाली, "हे बघ, ते उठणार आहेत. तोवर तुला मी सांभाळते. ते आले की तू कसं झळकलं पाहिजेस!"

मित्रांनो, मला कुणी मांडीवर घेतले ते तेव्हाच, पहिल्यांदा.

ती तेल शोधू लागली. वरच्या फळीवर हाडांच्या तेलाची बरणी होती. तिने झाकण उघडून वास घेतला, नाक मुरडले आणि म्हणाली, "शी! हे कधीचं खवटलंय." ती बरणी तिने फाटकाच्या बिजागऱ्यांवर रिकामी केली. त्या वर्षी आमचे फाटक लोण्यासारखे फिरत होते. मग तिला भुरीच्या चंदीतले तेल आठवले. ज्याने घोडीचे अंग आरसा होते, त्याने खोगिराचे का नाही होणार? दोन्ही कातडीच की. घोड्यांच्या घरात राहणाऱ्या माणसालाच असे सुचू शकते. दुसरा कुणी बाजारात जाऊन विचारून आला असता. उस्तादला विचारायची तर बंदीच होती.

कपड्याच्या चिंधीवर तेल घेऊन तिने मला वरून, खालून, पट्ट्यांना, पदरांना चोळले. तिचा हात फार हलका होता. मला त्या खिडकीतली चकचकीत पट्टी आठवली आणि मी मनात ओरडले. खोगिराचे ओरडणे कुणाला ऐकू येते?

मग ती रोज येऊ लागली. चोळता चोळता माझ्याशी बोले. आज ते उठून बसले. आज भाताचा घास स्वतःच्या हाताने घेतला. आज काठी धरून दारापर्यंत आले, आणि वन्सं रडल्या बघ, मला म्हणाल्या कांदा चिरत होते. हे सगळे मला असे तेलाबरोबर कळत गेले. तिची चिंधी खिळ्यावर टांगलेली असे. काही दिवसांनी ती पुठ्ठ्यासारखी कडक होई. "किती ही धूळ," म्हणत ती ती चिंधी फेकी आणि दुसरी घेई. शिंप्याच्या घरी चिंध्यांना काय तोटा?

आणि मी ताठ होत गेले. आधी चिकट झाले, मग वरून गुळगुळीत, मग आतून मुके. उस्तादच्या बसण्याची जी जागा माझ्यात पडली होती, तिच्यावर तो थर साचला. आपल्या माणसाची वाट बघता बघता आपणच त्याच्या उपयोगाचे राहू नये, याच्याइतके वाईट काही नसते.

शेवटी तो आला. बहीण तिच्या घरी परतली होती. डॉक्टर म्हणाले होते, बेताने स्वारी करायला हरकत नाही. तो काठी टेकत माझ्या खोलीत शिरला. शिंपीणबाई मागे दारात उभी होती, पदराला हात पुसत, चेहऱ्यावर न मावणारे हसू.

"कसं ठेवलंय?" ती म्हणाली.

त्याने माझ्यावर हात ठेवला. तो हात मी कुठेही ओळखला असता. त्यानेही मला ओळखले. म्हणजे माझे काय झाले ते ओळखले. त्याची बोटे माझ्या पदराखाली गेली, तंगाच्या पट्ट्यावर थांबली, त्याने पट्टा किंचित वाकवून बघितला. बक्कलच्या भोकाशी बारीक भेगा होत्या.

"छान चकाकतंय," तो म्हणाला.

"मग? भुरीवर टाकायचं ना?"

"आज नको."

दुसऱ्या दिवशीही नको. त्यानंतरही नको. दुसरे एखादे खोगीर टाकून तो बसू शकला असता. पण मग तिने विचारले असते, हे का नको? आणि त्याला ते सांगायचे नव्हते. म्हणून तो बसेचना. लोकांना एकच कारण दिसले.

नालबंद भुरीचे खूर तासताना म्हणायचा, "काय उस्ताद, घोडीनं डोळे वटारले का?"

"वटारले," उस्ताद म्हणे.

"अहो, तुम्ही म्हणे चालत्या घोड्यावर झोपा काढायचात."

"आता खाटेवर काढतो."

शिंपीणबाई हसण्यावारी नेई, पण तिचे हसू दिवसेंदिवस आखूड होत गेले. एकदा नालबंदासमोरच ती म्हणाली, "भीती वाटतेय, दुसरं काय! एवढा गडी माणूस, आणि घोडीजवळ गेला की पाय मागे." उस्तादने भुरीच्या कपाळावर थोपटले आणि तो आत गेला. मित्रांनो, ज्याने आयुष्यभर बुजलेल्या शिंगरांची भीती घालवली, त्याने भित्रा हे नाव निमूटपणे अंगाला लावून घेतले.

दुपारी ती कपडे पोचवायला बाहेर पडली की तो माझ्याकडे येई. कोमट पाण्यात फडके पिळून मला पुसे, पट्टे हळूहळू चोळून सैल करायला बघे, नव्या बरणीतले हाडांचे तेल आतून लावे. पण आत जायला वाटच नव्हती. वाळलेले जवस दार लावून बसले होते. पुसून पुसून माझी चकाकी तेवढी मंद होई. संध्याकाळी ती येई, मला बघून चुकचुकत म्हणे, "हवेनं कसं मळकं होतंय बाई," आणि पुन्हा जवसाचा हात फिरवी. दुसऱ्या दुपारी तो येऊन बघतो तो ताजे तेल! डोक्याला हात लावून तो स्टुलावर बसे. एकदा त्याने तेलाची चिंधी हातात घेतली, आता घेऊन जाऊन तिला दाखवणार असे वाटले. मग त्याने ती पुन्हा खिळ्याला अडकवली.

दोघे माझ्यावर सारखीच माया करत होते. फक्त एकमेकांच्या पाठीमागे.

भुरीचेही दिवस जात होते. तिला फिरवणारे कुणी नव्हते. पोट सुटले, पाय सुजू लागले. एक दिवस उस्ताद म्हणाला, "तिला कुणातरी बसणाऱ्या माणसाकडे द्यावी म्हणतो." दुसऱ्या सकाळी शिंपीणबाई उठली ती सरळ माझ्याकडे. मला उचलून तिने अंगणात आणले आणि भुरीच्या पाठीवर ठेवले.

"अगं, काय करतेस?" उस्ताद ओसरीवरून ओरडला.

"मी चढवते खोगीर. तुम्ही नुसते बसा. मी लगाम धरते, फाटकापर्यंत जाऊ. पडलात तर माझ्यावर पडा."

"थांब! हात लावू नकोस तंगाला!"

"का? मला काय येत नाही? जन्म गेला बघण्यात."

किती महिन्यांनी भुरीची ऊब मला खालून लागत होती! पण मी तिच्या पाठीवर टेकतच नव्हते, फळीसारखे वर तरंगत होते. ती अस्वस्थ होऊन कान मागे टाकू लागली. शिंपीणबाईने तंग पोटाखालून घेतला, माझ्या पट्ट्यात घातला आणि जोर लावून ओढला.

पट्टा तुटला. ती तोल जाऊन मागे बसली, हातात बक्कल आणि वीतभर चामडे.

उस्ताद काठी टाकून आला. "लागलं का?"

ती ऐकतच नव्हती. शिवणारी बाई ती. तिने आधी शिवण बघितली. "टाके शाबूत आहेत," ती म्हणाली. "चामडंच तुटलंय." मग तिने तो तुकडा वाकवला. तो कडकन मोडला. ती उठली, खोलीत गेली आणि खिळ्यावरची चिंधी घेऊन आली. एका हातात कडक चिंधी, दुसऱ्यात कडक चामडे.

"माझ्या तेलानं?" तिने विचारले.

उस्तादने मान हलवली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"आलो त्याच दिवशी."

"आणि मी चारचौघांत तुम्हाला भित्रा म्हणत होते?"

"म्हणू दे की. काय बिघडलं?"

"काय बिघडलं?" तिचा आवाज चढला. "बाही आखूड झाली तर लोक माझ्या तोंडावर सांगतात. मी उसवते, परत शिवते. तुम्ही मला उसवायलासुद्धा दिलं नाहीत! एवढी लेचीपेची समजलात मला?"

"तू इतकी खुशीत होतीस त्या दिवशी..."

"मग त्या दिवशी रडले असते. दुसऱ्या दिवशी गप्प बसले असते. तिसऱ्या दिवशी तुम्ही घोडीवर असता!"

तो हळूच म्हणाला, "पण तूही विचारलं नाहीस गं."

"कुणाला विचारू? भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाला?"

दोघे भुरीच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि मध्ये मी, तुटलेल्या पट्ट्याचे. इतक्यात फाटक आवाज न करता उघडले आणि नालबंद आत आला.

"आज तरी मुहूर्त आहे का?"

"आहे," शिंपीणबाई डोळे पुसत म्हणाली. "तबेल्यातून दुसरं खोगीर आणा. आणि एक ऐका, हे भित्रे नाहीत. खोगीर मी मारलं होतं."

नालबंद पहिल्यांदाच विनोद न करता खोगीर आणायला गेला.

त्यांनी मला उतरवून कठड्यावर ठेवले. ते दुसरे खोगीर भुरीच्या पाठीवर चढले. उस्तादने रिकिबीत पाय घातला, क्षणभर थांबला. खरे सांगू? तेव्हा तो थोडा घाबरला होता. शिंपीणबाईच्या खांद्यावर हात ठेवून तो वर चढला. भुरी एक पाऊल गेली, मग दुसरे. त्याची पाठ सरळ झाली. ते फाटकाबाहेर गेले, आणि मी कठड्यावर बसून टापा ऐकत राहिले. त्या लांब गेल्या तशी माझी ती आतली जागा, त्याच्या वजनाची, थराखाली दुखू लागली.

नंतर म्हातारा कारागीर मला बघून गेला. पट्टे नवे लावता येतील म्हणाला, सांगाडाही अजून ठणठणीत आहे. पण बैठकीचे चामडे आता जिवंत व्हायचे नाही, आणि असे खोगीर टाकले तर घोडीची पाठ सोलली जाईल. भुरीची पाठ सोलून मला काही नको होते. म्हणून मी इथे आहे.

आता संध्याकाळी दोघे या खोलीत शेजारी बसतात आणि ते दुसरे खोगीर पुसतात. "आधी घाम," तो म्हणतो. "माहीत आहे," ती म्हणते. "आतून लावायचं ना? एवढं पुरे?" "थोडं कमीच." "मघाशी का नाही सांगितलंत?" अशी त्यांची हुज्जत चालते. मला ती फार आवडते. उठताना ती माझ्यावरची धूळ झटकते. तेल लावत नाही. तिचा हात थोडा वेळ माझ्यावर राहतो आणि मग ती दिवा घेऊन जाते. सकाळी तो निघतो तेव्हा टापांचा आवाज आला की मी अजून सावरून बसते. सवय जात नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी चामड्याची वस्तू असेल, तर तिला चकाकी देणारे तेल शोधू नका, तिला वाकू देणारे शोधा. आधी पुसा, मग वाळू द्या, मग थोडेसे लावा. माहीत नसेल तर कुणाला तरी विचारा, तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला असला तरी विचारा. आणि कुणी मायेने तुमच्यावर चुकीचे तेल चोळत असेल, तर त्याच दिवशी सांगा. मला सांगता आले नाही. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.